कप्तानाच्या कमरेची कडी

बसा. मध्ये कोणी बोलायचं नाही.

रघुवीर आमच्या लालबागच्या चाळीतला. परळला गिरणीच्या मॅनेजरच्या बंगल्यावर दरवान होता. मॅनेजर स्कॉटलंडचा. दिवाणखान्यात त्याच्या पूर्वजाचं भलंमोठं चित्र. तिकडचा जमीनदार, किल्ल्याचा कप्तान. चारेकशे वर्षांपूर्वी त्याच्याच दरवानाने रात्री शत्रूला दरवाजा उघडून दिला. कप्तान अंथरुणातच कापला गेला. म्हणून मागाहून काढलेल्या या चित्रात खुर्चीत बसलेल्या कप्तानाच्या कमरेला किल्ल्या अडकवायची कडी होती, पण रिकामी. साहेब सांगायचा, मेल्यावरही कप्तानाने त्या दरवानाला सोडलं नाही. रघुवीर हसायचा.

छप्पन साल. संक्रांतीला आठवडाही झाला नव्हता. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर रक्त सांडत होतं. रात्री संचारबंदी. साहेब बाहेरगावी गेलेला. रघुवीर फाटकाला कुलूप घालायला निघाला, तोच चाळीतल्या शेजारच्या कमलाबाईंचा मुलगा शिवा धापा टाकत आला. डोकं फुटलेलं.

"रघूकाका, आत घ्या! पोलीस मागे आहेत."

"ये. तबेल्यात लप. ही किल्ली माझ्याकडे आहे तोवर कोण आत येतो ते बघू!"

किल्लीला त्याने लाल दोरा बांधला होता. प्रभादेवीच्या देवळातला.

थोड्या वेळाने फाटकापाशी फौजदार आला.

"पोरगा आत आहे. उघड. साहेबाला सांगून तुला दरवानांचा जमादार करतो."

रघुवीरने एकदा तबेल्याकडे पाहिलं. मग कुलूप काढलं.

फरफटत नेताना शिवा एवढंच म्हणाला, "काका, तुम्ही?"

गल्लीच्या टोकाला गोळी वाजली. एकच.

रघुवीरने फाटक पुन्हा बंद केलं, कुलूप घातलं. दिवाणखान्यातला दिवा मालवायला आत गेला. चित्र जागेवर होतं. चौकट होती. चित्रातली खुर्चीही होती...

खुर्चीत कोणी नव्हतं.

मागे लोखंड वाजलं.

"कोण?"

पुन्हा लोखंड वाजलं.

"शिवा? पोरा, मी... मला वाटलं..."

बुटांचा आवाज. जड. जवळ.

दिवा गेला.

सकाळी कमलाबाई फाटकावर आल्या. आत रघुवीर गजांना पाठ टेकून बसलेला.

"रघू, माझा शिवा दिसला का रे?"

त्यांनी गजांतून हात घालून खांदा हलवला, तशी त्याची मान कलंडली. डोळे उघडे होते. अंग थंडगार.

किल्ली त्याच्या खिशात नव्हती. बंगल्यातही नव्हती. कुलूप फोडायला मी होतो, म्हणून सांगतो.

दिवाणखान्यात कप्तान आपल्या खुर्चीत बसला होता. कमरेची कडी रिकामी नव्हती. तिच्यात एक किल्ली होती, रंगवलेली. बाकीच्या चित्रासारखाच तिचा रंग जुना, भेगा पडलेला.

किल्लीला लाल दोरा होता.