तहानलेला वाफा

भिवंडीच्या बाजारात केसरीनाथने आधी तुळजाला पाहिलं नाही, तिच्या टोपलीतला गवती चहा पाहिला. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसाचं असंच होतं. त्याने एक पात कुस्करली, डोळे मिटून हुंगली आणि विचारलं, "ही उन्हात वाढली की सावलीत?"

"वास फुकट हाय," ती म्हणाली. "कुस्करलेली जुडी मात्र घ्यावी लागंल, मास्तर."

डोळे उघडल्यावर कुठे त्याने तिला पाहिलं. मग... बराच वेळ पाहिलं.

ही १९७४च्या दिवाळीनंतरची गोष्ट. महिन्याभरात अंबाडी गावी तिच्या बापाच्या, राघोच्या शेतात गवती चहाचे दोन वाफे तयार झाले. एकाला भरपूर पाणी, दुसऱ्याला जेमतेम. तहानलेल्या पातीत तेल जास्त भरतं का, हे केसरीनाथच्या मुंबईच्या सरांना पाहायचं होतं. होळीला गवत कापायचं, तेल काढायचं आणि परत जायचं. नंतर अंबाडीला यायला त्याच्याकडे कारणच उरणार नव्हतं. दोघांनाही हे ठाऊक होतं, म्हणून दोघंही फक्त गवताबद्दल बोलत.

दर रविवारी तो एस.टी.ने येई. पातीची उंची मोजायला त्याला अख्खी दुपार लागे.

"याला तहानलेलं ठेवून काय मिळतं?" तुळजा विचारी.

"सुगंध."

"आन् लई तहान लागली तर?"

"तर... वाळतं."

"मंग वेळीच बोलावं की," ती गवताला सांगे.

होळी आली. अंगणात छोटी तांब्याची भट्टी लागली. ती पाहून राघोने आशेने पेला आणला. वाफेला लिंबासारखा वास सुटला, तेव्हा तो पेला घेऊन ओटीवर जाऊन बसला.

तहानलेला वाफा दुसऱ्याहून हिरवागार निघाला होता. तेल मात्र त्याचंच कमी.

"प्रयोग फसला," केसरीनाथ गंभीरपणे म्हणाला. "पुन्हा लावावं लागेल."

तुळजाने मान खाली घातली. "मी वतायची पानी. रोज सांजचं... एक घागर."

"तुला गवताची दया आली?" तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"गवताची कशाला येईल?"

भट्टीतून तेलाचा थेंब पडला. मग आणखी एक.

"रोज घागर?" तो पुटपुटला. "मग तू चहा आणायला गेलीस की मीही त्याच वाफ्यात पाणी ओतायचो, ते उगाचच."

तिने मान वर केली. आधी डोळे हसले, मग ती सगळीच.

"सायन्सवाल्यानं असं करावं?"

"नाही. सरांना खरं सांगेन, नवा वाफा लावेन. पुढच्या होळीपर्यंत यावं लागेल."

"आन् मंग?"

"मग... तोही बिघडवू."

"न्हाय." तिने पदराने त्याच्या हातावरचं तेल पुसलं — हळूच, एकेक बोट. "तो नीट करा. बोलायचं ते मात्र आजच बोला. बा ओटीवर हाय."

केसरीनाथ शास्त्रज्ञाला न शोभेल इतक्या घाईने उठला.