थांबवलेलं रडू

पूरनियंत्रण कक्षात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कानामागे आता स्थगक बसवलेला असतो. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. मनावर आघात झाला की मेंदू हातातलं काम टाकून तिकडे धावतो. स्थगक त्याला धावू देत नाही. तो बातमीची तेवढी पोच देतो, दुःख रांगेत ठेवतो आणि माणसाला कामावर परत पाठवतो. रांगेतलं दुःख पुढे सवडीने, रजेवर गेल्यावर मोकळं होतं.

रेवा घोलपची आई ऐन पुरात गेली. रेवाने रजा घेतली नाही. तिच्या सूचनेवर गावं हलवली जात होती. आईचा तेरावा व्हायच्या आतच तिचे वडील, तात्याही गेले. पाणी ओसरल्यावर ती रजेवर गेली आणि आईसाठी चार दिवस रडली. पाचव्या दिवशी रडू थांबलं. तात्यांसाठी येईल म्हणून ती आठवडाभर घरी बसून राहिली. मग स्थगक बनवणाऱ्या डॉ. टिळेकरांकडे गेली.

नोंदी पाहून टिळेकरांनी चष्मा काढला.

"रांग रिकामी आहे, रेवाताई."

"रिकामी कशी? तात्यांचं व्हायचंय अजून."

"एक दुःख रांगेत असताना तसंच दुसरं आलं, तर यंत्र त्याला वेगळी जागा देत नाही. बेल पाच वेळा वाजली तरी आपण उठून दार एकदाच उघडतो ना, तसं."

"आणि बाहेर दोघं असले तर?"

टिळेकर चष्मा पुसू लागले. "दार उघडल्यावर आणखी कोणी उभं आहे का, हे पाहायला हवं होतं. आम्ही यंत्राला ते सांगितलंच नाही. इतक्या लवकर दुसरं कोणी जाईल, असं धरलंच नव्हतं."

"पुरात काम करणाऱ्यांसाठी यंत्र केलंत, आणि हे धरलं नव्हतं?"

"चुकलं."

"मग आता ठेवा रांगेत."

"हातानं ठेवता येत नाही. बातमी पुन्हा नव्याने यायला हवी."

"म्हणजे तात्यांनी परत मरायचं? त्यांना एकदासुद्धा नको होतं." ती हसली. टिळेकरांना हसता आलं नाही.

त्यांनी स्थगक तेवढा काढून दिला.

बाहेरच्या बाकावर बसून रेवाने भावाला फोन लावला.

"दादा, तात्या गेले हे मला परत सांग. पहिल्यांदा सांगितलंस तसं."

"वेडी आहेस का गं?"

"सांग ना."

तो खाकरला. "रेवा... तात्या गेले गं."

कानामागची जखम चुरचुरत होती. रडू येईल म्हणून रेवा थांबून राहिली.

"बरं," शेवटी ती म्हणाली. "कळलं."

पलीकडे दादाने नाक ओढलं. "तेव्हाही हेच म्हणाली होतीस."