सत्यवानच्या गाडीचा डायनमो

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे घडलंय... १९६१ साल, मार्गशीर्षातली तिन्हीसांज, मसुऱ्याहून मालवणला जाणारा रस्ता.

माझे वडील कट्टा गावात भाड्याची गाडी चालवायचे. सगळे त्यांना भाई म्हणत. त्या आठवड्यात त्यांच्या गाडीचा डायनमो जळला. डायनमो बॅटरी भरतो. तो गेला की आधी दिवे जातात, मग गाडीच बंद पडते.

नवा मुंबईहून यायला महिना लागणार.

आणि आई मसुऱ्याला माहेरी. दिवस भरलेले. सुईणीने सांगून ठेवलेलं, मूल आडवं आहे, कळा आल्या की मालवणचं इस्पितळ गाठा. भाईंचा जीव टांगणीला लागला होता.

जुनाच डायनमो दुरुस्त करायचा, एवढाच मार्ग उरला. आत फिरणारं आर्मेचर तेवढं दुसरं हवं होतं. तसं एक कट्ट्यातच होतं... काशीबाईच्या परड्यात, फणसाखाली गंजत पडलेल्या गाडीत.

ती गाडी तिच्या मुलाची, सत्यवानची. पावसाळ्यात तो गाडीसकट खाडीत गेला होता. गाडी लोकांनी ओढून काढली.

सत्यवान मिळाला नाही.

काशीबाई अजून रोज त्याचं पान वाढायची.

"ने रे," ती भाईंना म्हणाली. "पण आदी त्येका सांग. नारळ ठेव, गाऱ्हाणा घाल, मगे हात लाव."

आमच्याकडे रीतच आहे ती. गेलेल्याची वस्तू त्याला सांगून घ्यायची.

"काम झाला काय नारळ ठेवतंय, काकी," भाई म्हणाले आणि पाना लावला. अति घाई... पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

आर्मेचर गोड्या पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं, काचकागदाने घासून लखलखीत केलं. डायनमो चालला. भाई खूश! नारळ राहून गेला.

दोनच दिवसांनी मसुऱ्याहून निरोप आला. कळा सुरू झाल्या होत्या.

आईला मागच्या सीटवर निजवलं. आजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. खाडीचा उतार येईपर्यंत गाडी बरी चालली.

मग स्टिअरिंगसमोरचा, डायनमो बंद पडल्याचा लाल दिवा लागला...

हेडलाइट पिवळे झाले. विझले. इंजिनाने आचका दिला आणि गाडी थांबली.

सत्यवान गेला, तीच ही जागा.

मागे आई ओरडत होती. मग ओरडणंही थांबलं. भाईंनी किल्ली काढून खिशात टाकली, बॉनेट उघडलं. पंखा थांबलेला. पट्टा थांबलेला.

पण डायनमोच्या आत काहीतरी फिरत होतं...

घर्र... घर्र...

आणि हेडलाइट हळूहळू उजळले.

भाईंनी हात लावला. नुकतंच बंद पडलेलं इंजिन तापलेलं, आणि डायनमो गार. त्यातून पाणी ठिबकत होतं. बोट जिभेला लावलं.

खारट.

भाई रस्त्यावरच गुडघ्यांवर बसले. "सत्यवाना, माझा चुकला. नारळ नाय रे माझ्याकडे. माझी बायल मरतली. आमका पोचव... तुका तुझ्या आवशीकडे, काकीकडे पोचवतंय."

किल्ली खिशात होती.

इंजिन सुरू झालं.

आई वाचली. मीही वाचलो. हो, ते आडवं मूल मीच.

दुसऱ्या दिवशी भाईंनी आर्मेचर सत्यवानच्या गाडीत परत बसवलं. नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. काशीबाई चूल पेटवायला आत गेली.

त्या गाडीत बॅटरी नव्हती. तरी तिन्हीसांजेला परड्यात उजेड पडलेला शेजाऱ्यांनी पाहिला.

सकाळी काशीबाईचं दार सताड उघडं. दोन पानं जेवून झालेली. घरात कुणी नाही.

फणसाखालच्या गाडीत पुढच्या दोन्ही सीटा ओल्या होत्या...

ती कधीच सापडली नाही.

"माका पोचवूचा ठाऊक होता," भाई म्हातारपणीही तेच म्हणायचे. "तो तिका घेऊन जातलो, ह्या माका खंय म्हायत?"

माझ्या दर वाढदिवसाला ते खाडीवर दोन नारळ ठेवायचे. आता मी ठेवतो. माझ्या जिवाच्या बदल्यात काशीबाई गेली का, हे विचारायचं धाडस मात्र मला अजून झालेलं नाही.