रेघेखालची टेकडी

अश्वजित पहिल्यांदा आला तो माझा यूपीएस बंद पडला म्हणून. साल दोन हजार सहा. दुपारचं भारनियमन, खिडकीबाहेर पिवळी पडलेली कपाशी, आणि वणी रोडवरच्या आमच्या संशोधन केंद्रात मी कॉम्प्युटरपुढे डोकं धरून.

"काय चालू होतं, रुपाली मॅडम?"

"पत्ते पिसत होते."

तो हसला. मी नाही. तुडतुड्यांच्या किडीला दाद न देणारा गुण कपाशीच्या कुठल्या जनुकाजवळ असतो, ते मी तीन वर्षं शोधत होते. आलेखात एके ठिकाणी टेकडी उठली होती. ती खरी की योगायोग? त्यासाठी झाडांचे आकडे हजारदा पिसायचे, निव्वळ योगायोगाची टेकडी किती उंच जाते ते बघायचं आणि तिथे रेघ मारायची. खरी टेकडी रेघेच्या वर गेली पाहिजे. माझं पिसणं अर्ध्यावर आलं की लाइट जायची.

यूपीएस दुरुस्त झाला. तरी अश्वजित येतच राहिला.

"आर्णीले चाललो होतो... म्हटलं, वाटेत बॅटरी पाहून घेतो."

आर्णीचा रस्ता आमच्या केंद्रावरून जात नाही, हे यवतमाळात शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र दोन चहा मागवायचे.

शेवटी रेघ आली. टेकडी तिच्या बोटभर खाली.

"घ्या ना रेघ जराशी खाली," तो हळूच म्हणाला. "कोणाले समजते?"

"मले समजते. उद्या याच्या भरवशावर कोणी बियाणं पेरलं तर?"

त्याने यूपीएसचं झाकण लावलं. मग माझ्याकडे न बघता – "आन् माह्यं येणं? तेबी योगायोगच धरता काय?"

"अजून तरी रेघेखालीच आहे," मी म्हणाले. सवयीने.

त्यानंतर तो आलाच नाही.

टेकडी गेल्याचं दुःख मी आठवड्यात पचवलं. हे काही पचेना. बाहेर गाडी थांबली की मान आपोआप वळायची, आणि मग मी स्वतःवरच चिडायचे. मला त्याची फार आठवण येत होती. एका सकाळी मी तो यूपीएस उचलला, ऑटोत घातला आणि थेट लोहाऱ्याला, त्याच्या वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवला.

त्याने उघडून पाहिला. "हा तं ठणठणीत आहे."

"माहीत आहे."

"मंग काहून आणला?"

माझे कान तापले.

"आर्णीले चालली होती..." मी म्हणाले. "म्हटलं, वाटेत दाखवून घेते."

अश्वजितने पेचकस खाली ठेवला, हात पुसले.

"चाला मंग," तो म्हणाला. "मीबी तिकडंच चाललो."