बीप थांबल्यानंतर

वहिनींच्या कानतपासणीच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. पंखा घरघरायचा, आणि तो सुरू होईपर्यंत पेशंटच कंटाळून घरी जाईल अशी अवस्था. नवा आणून त्यात सगळं पहिल्यापासून टाकायची सोय नव्हती. तपासणीचा प्रोग्राम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती.

"भाऊजी, काहीही करा, पण माझी मांडामांड हलता कामा नये," वहिनी म्हणाल्या.

कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदाच. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर उतरवली आणि ती नव्या मशीनमध्ये बसवली. आधी ते निळा पडदा दाखवून रुसलं. नव्या भागांची ओळख करून दिल्यावर मुकाट सुरू झालं. पडद्यावर पुतणीचा तोच दात पडलेला फोटो. वहिनी खूश.

"आता तुमच्याच कानांवर प्रयोग," त्या म्हणाल्या.

साउंडप्रूफ केबिनमध्ये मी बसलो. चारी बाजूंना करडा फोम. दार लागलं की स्वतःचं आवंढा गिळणंही ऐकू येतं. कानांवर हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आला की दाबायचं. काचेपलीकडून वहिनी एकेक बीप सोडत होत्या. आवाज बारीक होत होत केसाएवढा झाला आणि थांबला.

मग उजव्या कानाशी कोणीतरी बोलण्यासाठी श्वास घेतला.

मी बटण दाबलं.

वहिनींनी दार उघडलं. "आत्ता कशाला दाबलंत? मी काहीच सोडलं नव्हतं."

"हात चालला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एका निवृत्त शिक्षकांनी त्याच जागी बटण दाबलं. मग एका ड्रायव्हरने. एका बाईंनी तर हेडफोन काढून ठेवला आणि विचारलं, "आत आणखी कोण आहे?" तेव्हा वहिनींनी मला फोन केला.

वायरी बदलल्या, हेडफोन बदलला, अर्थिंग तपासलं. प्रत मूळ डिस्कशी ताडून पाहिली. तसूभर फरक नाही. जुनं मशीन जोडलं की बीप थांबल्यावर कोणी बटण दाबत नसे. नवं जोडलं की दाबत.

वहिनींची झोप उडाली होती. रिपोर्ट चुकला तर कोणाच्या तरी कानात नको ते मशीन बसणार. शेवटी त्यांनीच तोड काढली. "अण्णांना बसवू या."

अण्णा म्हणजे माझे वडील. तरुणपणी आलेल्या तापात त्यांचे दोन्ही कान गेले, ते कायमचेच. त्यांनी बटण दाबलं, तर तो आवाज नव्हे, अंगाला जाणवणारा हादरा, हे सिद्ध होणार होतं. मला ते पटलं. हादरा शोधून काढता येतो.

अण्णा हौसेने आत जाऊन बसले. वहिनींनी सगळ्यात मोठा बीप सोडला. अण्णा छताकडे बघत होते. आणखी एक सोडला. काही नाही. मग वहिनींनी हात बाजूला घेतले.

अण्णांनी बटण दाबलं.

ते ताठ बसले. पुन्हा दाबलं. केबिनमधल्या माइकवरून त्यांचा आवाज आला. "हो. येतंय की."

वहिनींनी माझं मनगट पकडलं.

"नाही, आत्ताच. इतकी वर्षं नव्हतं येत," माइकवरून अण्णाच बोलत होते.

मी वाकून प्लग उपटला. पडदा काळा झाला. माइकही बंद पडला.

काचेपलीकडे अण्णांचे ओठ हलत राहिले.

दार उघडलं तेव्हा त्यांनी हेडफोन काढून नीट खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "चला, जेवायला." अगदी हळू आवाजात. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे कान गेल्यापासून अण्णा ओरडूनच बोलत. हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

वहिनींनी तिथल्या तिथे जुन्या मशीनवर त्यांचे कान तपासले. दोन्ही कान शून्य.

घरी आम्ही तिघं जेवायला बसलो. वहिनींच्या हातून चमचा पडला, अण्णांनी मान वर केली नाही. पण मध्येच त्यांचा घास थांबे, मान किंचित कलती होई. एकदा ते मनापासून हसले.

वहिनींना राहवेना. त्यांनी हातवारे करून विचारलं, "कोण?"

अण्णांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर कीव होती. मग आम्ही त्यांच्याशी बोलतो तसे, ओठ मोठे करत, एकेक शब्द तोडत ते म्हणाले, "तुम्हाला... ऐकू... येत... नाही?"

वहिनींनी नकारार्थी मान हलवली.

अण्णा शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "नाही. यांना नाही येत."