आजोबांची करंगळी

ती चहा पिऊन परत आली, तर तिच्या टेबलावर एक अनोळखी माणूस डोळ्याला भिंग लावून, हातात चिमटा घेऊन बसलेला. प्रदर्शन उघडायला अर्धा तास उरला होता आणि हा पठ्ठ्या खुशाल तिच्या चिमुकल्या, हातानं घडवलेल्या रणगाड्यावर ओणवा झाला होता.

"झालं," तो हसून म्हणाला. "बोट तुटलं होतं. बसवलं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीतभर रणगाडा, त्यावर अंगठ्याएवढे चार शिपाई, आणि दीड वर्ष डोळे फोडून तिने ते एका जुन्या फोटोवरून घडवलेले, रंगवलेले. त्यातला चालक म्हणजे तिचे आजोबा. फोटोत त्यांचा डावा हात सोबत्याच्या पाठीमागे दडला होता. तिने तो रणगाड्याच्या वरच्या झाकणावर ठेवला आणि करंगळी मुद्दाम वगळली, कारण याच झाकणात सापडून ती गेली होती. चौघांतले आता आजोबाच तेवढे उरले होते. 'तेव्हा होतो तसा दाखव, बाकी काही नको,' एवढंच त्यांनी मागितलं होतं, आणि ते आता कुठल्याही क्षणी येणार होते.

तिने त्याला फैलावर घेतलं. तो इथला डागडुजीवाला, प्रवासात मोडलेलं जोडून देणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि लगेच चूक कबूल केली. याचा तर तिला जास्तच राग आला. भांडायचं म्हटलं तर समोरचा नीट उभा तरी राहायला हवा ना!

बोट कापायला त्याने पातं उचललं, पण त्याचा हात थरथरत होता. तिने सरळ मनगटच पकडलं.

"हलू नका. आख्खा हात उडवाल."

"तुम्ही धरलंत म्हणून... जास्तच हलतोय."

"जिभेला काही हाड?" ती म्हणाली खरी, पण मनगट काही सोडलं नाही. त्याच्या नखांत तोच हिरवट रंग होता, जो तिच्या नखांतून आठ-आठ दिवस निघत नसे. तो आवडायला लागला होता मेला, तोही आजच, आणि म्हणून ती आणखी भडकली.

"थांबा," मागून आवाज आला. आजोबा काठी टेकत आले होते. त्यांनी भिंग मागून घेतलं, बराच वेळ बघितलं आणि मग त्यांचे डोळे भरून आले.

"राहू दे ते बोट," ते म्हणाले. "फोटो काढला तेव्हा होतं की. ते गेलं त्यानंतर आठ दिवसांनी."

म्हणजे दीड वर्ष चुकली होती ती स्वतःच. हा न विचारता बरोबर निघाला होता! तिला धड रडताही येईना.

आजोबांनी दोघांकडे पाहिलं. तिच्या मुठीत अजून त्याचं मनगट होतं.

"बोट यानं दिलं," ते म्हणाले, "आणि मनगट तू धरलंस होय!"

तिने चटकन हात सोडला. मग ब्रश उचलला आणि भिंग त्याच्या हातात कोंबलं. "हसू नका. करंगळी अजून कोरी आहे. धरा हे नीट."

"राग गेला?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," ती खाली बघतच म्हणाली. "आणि लवकर जाणारही नाही... रोज येऊन रुसवा काढावा लागेल."