आंबट पाण्याची चोरी

तो माझ्या इन्क्युबेटरसमोर उभा होता आणि माझी बुरशी वाढवायची प्लेट त्याच्या हातात होती.

"ती माझी आहे," मी दारातूनच म्हणाले.

तो दचकला, मग हसला. हसू छान होतं... म्हणूनच मला शंका आली. आमच्या आईला आजवर एकाही दुकानदाराचा तराजू सरळ दिसलेला नाही. मी तिचीच लेक.

"कप्पा चुकला वाटतं. मी खालच्या मजल्यावर मायक्रोस्कोप बघतो. नवीन आहे."

"नवीन माणसं आधी दार वाजवतात."

"इन्क्युबेटरचं?"

मला हसू येत होतं. मी येऊ दिलं नाही. त्या प्लेटमध्ये माझी दोन वर्षं होती. आजारी माणसाच्या शरीरात घातलेल्या नळीवर बुरशी चिकटते, स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करते — बायोफिल्म — आणि मग औषधांना दाद देत नाही. मुळ्याच्या बियांत एक इवलंसं प्रथिन असतं, पेप्टाइड. मातीतल्या बुरशीशी बी त्याच्याच जोरावर लढतं. ते मी काढलं होतं, आणि माझ्या प्लेटमधली बुरशी पार मरत होती! पुढच्या सोमवारी हे माझ्या गाईड मॅडमना दाखवायचं होतं. त्यांना पटलं तर काम पुढे चालणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

आणि हा बोका माझ्या फ्रीजभोवती घुटमळत होता. दुसऱ्या दिवशी आला टेप मागायला, तिसऱ्या दिवशी टेप परत द्यायला.

"तुम्ही माझ्याकडे असं बघता, जसं काही मी तुमचे चमचे खिशात घातलेत," तो म्हणाला.

"खिसे दाखवा."

त्याने खरंच दोन्ही खिसे उलटे केले. एक पेन निघालं, बाकी काही नाही. त्याचे कान मात्र लाल झाले... आणि माझेही, याचा मला भयंकर राग आला.

संध्याकाळी मी पेप्टाइडच्या ट्यूबवर पातळीची खूण केली. शेजारी ते विरघळवायच्या आंबट पाण्याची बाटली होती — पाण्यात थोडं आम्ल, बस. हातासरशी तिच्यावरही खूण केली.

सकाळी बघते तर पेप्टाइड जिथल्या तिथे. आंबट पाणी बोटभर खाली!

दागिने सोडून पायपुसणं पळवणारा चोर मी पहिल्यांदाच बघत होते. तडक खाली गेले.

"माझं पाणी का चोरलंत?"

त्याने नाकारलं नाही. एक प्लेट मायक्रोस्कोपखाली सरकवली. "आधी बघा, मग रागवा."

बघितलं. बुरशी मेलेली. "म्हणजे पेप्टाइड आधीच चोरलंत!"

"यात पेप्टाइड नाहीच," तो हळू आवाजात म्हणाला. "नुसतं तुमचं पाणी आहे. तुमच्या प्लेटच्या जुन्या फोटोंत बुरशी भाजल्यासारखी दिसली, म्हणून शंका आली."

मी पुन्हा भिंगातून बघितलं. तुलनेच्या रांगेत मी कायम साधं पाणी घालत आले होते. आंबट पाणी नुसतं घालून बघायचं मला सुचलंच नव्हतं, आणि वही काढून बघितली तर त्यात माझ्याच हातून आम्ल दहापट पडलं होतं. मी रडले, अगदी नाक वाहीपर्यंत. त्याने भिंगं पुसायचा मऊ कागद पुढे केला.

"आधीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणाला असता, जळतोय."

"मॅडमना तरी सांगायचं होतंत!"

"मग मी शहाणा ठरलो असतो, पण... तुम्ही पुन्हा माझ्याशी बोलला नसता."

चार दिवस आम्ही राबलो. मी आम्ल काढून टाकलेलं पेप्टाइड घातलं, त्याने फोटो काढले. थर पूर्वीसारखा साफ झाला नाही. पण जवळजवळ अर्धी बुरशी मेली, आणि आम्ल नसलेल्या नुसत्या पाण्याच्या रांगेत ती खुशाल वाढत राहिली. थोडं होतं, पण खरं होतं. रात्री अंथरुणात मात्र मनात यायचं, याला श्रेय तर लाटायचं नसेल?

सोमवारी तो मॅडमच्या खोलीतून बाहेर येताना दिसला. गेला हा सगळं सांगून, मला वाटलं.

"फोटो ठेवून आलो," एवढंच बोलून तो गेला.

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात. इथे चोर मीच होते. आत जाऊन सगळी चूक एका दमात सांगून टाकली. मॅडमनी फोटोंवरून नजर उचलली, चष्मा वर केला.

"हे मला कोणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "बरं झालं, तू सांगितलंस. आता अजून दोनदा करून दाखव. काम चालू ठेव."

तो जिन्यात उभा होता.

"तू त्यांना काहीच बोलला नव्हतास," मी म्हणाले.

"नाही."

"मी शेवटच्या क्षणापर्यंत तुझ्यावर संशय घेतला."

"माहीत आहे."

"पुढेही घेईन. स्वभावच आहे माझा. आणि... मला तू आवडतोस."

तो जिन्याचा कठडा धरून उभा राहिला. "मलाही तू... पहिल्या दिवसापासून. घे संशय. मी उत्तरं देत जाईन."

मीच त्याचा हात धरला. तो थरथरत होता. थरथर खरी आहे की नाही, हे बघायला मी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला.